उतरलेलं वजन निसटतं कुठे?

डोंबिवलीला गाडीतून उतरायचे तेव्हा साधारण पावणेआठ झालेले असत. डबा एक वाजता खाल्लेला, चारला चहा आणि दोन बिस्किटं. घरी आल्यावर पर्स टेबलावर ठेवायची आणि हातपाय धुवायच्या आधीच चिवड्याचा डबा उघडायचा. कुकर लावताना एक मूठ, कणीक भिजवून झाल्यावर एक मूठ, भाजी चिरताना आणखी एक. मग साडेनवाला सगळ्यांबरोबर पान वाढून घ्यायचं, तेही पोटभर जेवणाचं. त्याआधी सात महिने काटेकोर राहून मी 12 किलो वजन उतरवलं होतं. पुढच्या दीड वर्षात त्यातलं 9 किलो परत आलं. लग्नाच्या पंगतींवर आणि हॉटेलांवर मी खापर फोडत राहिले, पण नीट आठवून पाहिलं तर त्यातलं बरंचसं पावणेआठ ते साडेनऊ या वेळात आलेलं होतं. हे लक्षात यायला फार उशीर लागला, कारण तोवर मी स्वतःला एकच कारण देत होते: आपल्याला मनाचा निग्रह नाही.

तुमच्यापैकी अनेकजण हेच कारण स्वतःला देत असतील, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. वजन उतरवणं चार-सहा महिन्यांचं काम आहे, ते जोशावर होतं. टिकवणं जन्मभराचं आहे, आणि जोश जन्मभर पुरत नाही. ते काम घराच्या रोजच्या घडीत बसवावं लागतं. घडी कुठे विस्कटते, ते एकेक जागा धरून पाहू या.

आधी शरीराची बाजू. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाऊपिऊ कसं घालायचं, हे समजून घेण्यासाठी तो प्रयोग होता आणि तरुण स्वतःहून त्यात आलेले होते. दिवस सरतील तसं त्यांचं सगळं बोलणं अन्नाभोवती फिरू लागलं. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. प्रयोग संपून पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक महिनोन्महिने शमेना. पुढे 2011 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन घटवलेल्या माणसांची तपासणी केली, तेव्हा वर्ष उलटल्यावरही त्यांच्या रक्तातली भूक चाळवणारी संप्रेरकं चढलेली होती आणि तृप्ती देणारी उतरलेली होती. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी कार्यक्रमात झपाट्याने वजन घटवलेल्या 14 स्पर्धकांवरचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर स्वस्थ बसल्या जागी जितकं इंधन जाळायला हवं, त्यापेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं.

हे सांगते ते तुम्हाला घाबरवायला म्हणून नव्हे. वजन उतरल्यानंतर लागणारी जास्तीची भूक खरी असते, ती लाड किंवा हावरेपणा नसतो, एवढं एकदा पटलं की तिच्याशी भांडण्याऐवजी तिची सोय करता येते. आणि झटपट उतरवण्याचा हट्टही सुटतो.

माझी सोय सरळ होती. साडेपाचच्या सुमाराला, कचेरीतच, काहीतरी खरंखुरं खायचं: मूठभर फुटाणे आणि एक पेरू, किंवा उकडलेलं अंडं, किंवा वाटीभर मटकीची उसळ आणि ताक. दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांच्यात आठ-साडेआठ तासांचं अंतर असेल, तर मधली भूक लागणारच. ती कचेरीत भागवायची की स्टेशनाबाहेरच्या वडापावच्या गाडीवर, एवढंच आपल्या हातात असतं. ज्यांना शिफ्टमध्ये काम असतं, त्यांनी घड्याळाऐवजी दोन जेवणांमधलं अंतर मोजावं. साडेपाचला खाऊन घेतलेला माणूस घरी आल्यावर चिवड्याचा डबा उघडत नाही असं नाही, पण डबा उघडला तरी एका मुठीवर थांबू शकतो. तो डबा मी पुढे ओट्यावरून काढून माळ्याजवळच्या वरच्या फळीवर ठेवला. स्टूल घ्यावं लागतं म्हटल्यावर अर्ध्या वेळा हात तिकडे जात नाही.

इथे मराठी घरांतल्या एका जुन्या वादाबद्दल बोलायला हवं. एका घरात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या सांगण्याप्रमाणे दिवसातून दोनदाच जेवण, शेजारच्या घरात ऋजुता दिवेकरांच्या सांगण्याप्रमाणे थोड्या थोड्या वेळाने खाणं, आणि दोन्ही घरांत आपलंच खरं. दोन्ही मार्गांनी वजन उतरलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दोन्ही मार्ग सोडून दिलेलीही. तुमच्या नोकरीच्या वेळा, स्वयंपाक कोण करतं, रात्री जेवायला किती वाजतात, यांत जो मार्ग पाच वर्षं चालेल तो तुमचा. निवडताना गणपतीचे दिवस डोळ्यांसमोर आणा आणि त्या दिवसांत हे जमेल का, एवढं स्वतःला विचारा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. साखर एकदम उतरू शकते.

दुसरी जागा स्वयंपाकघराची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. घरातली बाई वजन कमी करायचं ठरवते, तेव्हा घरच्यांचा स्वयंपाक नेहमीसारखा करून वर स्वतःसाठी ‘डाएटचं’ वेगळं करते. सूप, सॅलड, ओट्स. तीन आठवडे चालतं. मग एखाद्या संध्याकाळी ती दमलेली असते, वेगळं करायचं त्राण नसतं आणि ती सगळ्यांचं तेच खाते. तिथून वेगळं करणं थांबतं ते थांबतंच. घरातल्या पुरुषाचं डाएट असेल तर वेगळं करणारी तीच असते, आणि ती कंटाळली की त्याचंही संपतं. म्हणून वेगळं काही करूच नका. सगळ्यांचं पातेलं बदला.

सुरुवात तेलापासून करा. आज उघडलेल्या तेलाच्या पिशवीवर किंवा डब्यावर पेनाने तारीख लिहा आणि किती दिवसांत संपतं ते पाहा. चारजणांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज 40 मिलिलिटरहून जास्त तेल पोटात जातं. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे साडेतीनशे कॅलरी, नुसत्या तेलाच्या. आहारतज्ज्ञ साधारण माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास थांबायला सांगतात. तिथे एकदम जाऊ नका, जीभ बंड करेल. पहिल्या तीन महिन्यांत डबा तीन लिटरवर आणा. फोडणीला बरणीतून तेल ओतायचं बंद करून चमच्याने घालायचं, एवढ्याने बराचसा फरक पडतो. पाचाचे तीन लिटर झाले, की कोणाच्याही ताटात काही कमी न दिसता माणशी रोजच्या सव्वाशेहून जास्त कॅलरी कमी होतात. तुलनेसाठी सांगते, 70 किलोचा माणूस मध्यम गतीने अर्धा तास चालला तर साधारण तेवढ्याच खर्च होतात.

मग ताट. आपल्या पारंपरिक पानात डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-उसळ आणि मध्ये भात-पोळी असते. ही मांडणी उत्तम आहे, बिघडलंय ते प्रमाण. कोशिंबीर चमचाभर आणि भात डोंगरभर. कोशिंबीर वाटीभर करा, वरणाचं पाणी कमी करून ते घट्ट करा, आणि पहिले चार घास कोशिंबीर-उसळीचे घ्या. भाकरी की पोळी यावर फार डोकं शिणवू नका. दोन भाकऱ्या म्हणजे दोन भाकऱ्याच, ज्वारीच्या आहेत म्हणून चार चालत नाहीत.

चहाचं गणितही एकदा मांडून बघा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन सपाट चमचे साखर म्हटली तरी 32 ग्रॅम होते. वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवावी असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते, आणि आपण तर अजून बिस्किटापर्यंत पोचलोही नाही. चहा सोडायची गरज नाही. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा. दोन महिन्यांनी बाहेरचा चहा तुम्हाला पाकासारखा लागेल.

आता माणसांची जागा. आपल्याकडे आग्रह हे प्रेम आहे, आणि ते खोटं प्रेम नाही. म्हणून ‘नको’ म्हणणं इतकं जड जातं. माझ्या मावशीकडे होळीला गेले होते. पहिली पोळी संपायच्या आत दुसरी पानात.

“मावशी, खरंच नको गं.”

“अगं, एकच तर वाढली. किती सुकलीयेस! चेहरा बघ कसा उतरलाय. सगळं ठीक आहे ना घरी?”

वजन उतरलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीत त्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न दडलेला असतो, सासरी नीट ठेवतात ना. त्या क्षणी कॅलरींचं भाषण देऊन काही उपयोग नाही. मावशीला हवं असतं ते तिच्या हातच्या पोळीचं कौतुक. मी आता पहिलीच पोळी तूप घालून, सावकाश, शेवटपर्यंत खाते आणि ती अर्धी असतानाच म्हणते, “मावशी, पुरण काय जमलंय! मला दोन बांधून दे, उद्या डब्यात नेते.” ती खूश होते, पोळ्या घरी येतात आणि चौघांत वाटल्या जातात. पान रिकामं ठेवलं की वाढलं जातं, म्हणून वाढणारी पुढे सरकेपर्यंत पानात थोडं काहीतरी असू द्यावं. लग्नाच्या बुफेत रांगेत उभं राहायच्या आधी एकदा सगळ्या टेबलांवरून नुसती फेरी मारावी आणि जे घरी कधीच होत नाही तेवढंच घ्यावं. भात तर घरी रोजच होतो.

आणखी एक जागा आहे, तिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. मुलांच्या ताटातलं उरलेलं. अर्धी पोळी, दोन चमचे भात, शेवटचा पराठ्याचा तुकडा. अन्न टाकू नये हा संस्कार मलाही आहे आणि तो चांगलाच आहे. पण ते उरलेलं रोज आईच्या पोटात जातं. वाढतानाच मुलाला कमी वाढा, लागलं तर तो मागेल. पातेल्यात उरलेलं जेवण संपायच्या आत झाकण लावून फ्रिजमध्ये. उद्या त्याची फोडणीची पोळी होते, थालीपीठ होतं. अन्न वाचवायचे हे मार्ग आपल्या आज्यांना चांगले ठाऊक होते.

उपवासाबद्दल म्हणच आहे, एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा जवळजवळ सगळा स्टार्च असतो, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. वाटीभर खिचडीने काही बिघडत नाही, पण उपवास आहे म्हणून सकाळी खिचडी, दुपारी वडे आणि रात्री बटाट्याचा चिवडा झाला की त्या दिवशीचं खाणं नेहमीच्या जेवणापेक्षा वाढतं. श्रद्धेने उपवास करणाऱ्यांनी तो जरूर करावा. भगर आणि दाण्याची आमटी बेताने, उकडलेलं रताळं, काकडीची दह्यातली कोशिंबीर, राजगिऱ्याची भाकरी, ताक. यातलं सगळं उपासाला चालतं आणि रात्रीपर्यंत पोट शांत ठेवतं.

‘सण संपले की सुरू करते’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा कालनिर्णय उघडून बसावं. श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी, मग लग्नसराई, संक्रांतीचा तिळगूळ, होळी, पाडव्याचं श्रीखंड आणि मे महिन्यात आमरस. सण न येणारा महिना मला तरी सापडलेला नाही. पण सणाच्या दिवशी वजन वाढत नाही, ते सणाच्या पंधरवड्यात वाढतं. दिवाळीचे दिवस चार-पाच, फराळाचे डबे मात्र तीन आठवडे पुरतात आणि येता-जाता उघडले जातात. मी आता शंकरपाळे-चकल्या निम्म्याच करते, आलेली ताटं त्याच आठवड्यात इमारतीच्या रखवालदारांना आणि कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांना जातात, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून फराळ फक्त सकाळच्या चहाबरोबर, बशीत घेऊन, बसून. उकडीचा मोदक मात्र चतुर्थीला मनापासून खावा. साजूक तूप घालूनच.

तरीही खाडा होणारच. पाहुणे येतात, मूल आजारी पडतं, कचेरीत मार्च अखेर येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 2010 साली सवयी कशा लागतात यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कोणाला 18 पुरेसे होते तर कोणासाठी 254 दिवसांपर्यंतचा अंदाज निघाला. एकवीस दिवसांत सवय लागते हे आपण जिथे तिथे ऐकतो, त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका. त्याच अभ्यासातली मला जास्त महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. नुकसान करतो तो खाड्यानंतरचा विचार, की आता बिघडलंच आहे तर सोमवारपासून बघू. बुधवारी रात्री बिर्याणी झाली तर गुरुवारच्या नाश्त्यापासून नेहमीचं सुरू करा. भरपाई म्हणून गुरुवारी उपाशीही राहू नका. उपाशी गुरुवारची शुक्रवारी वसुली होते.

चालण्याचं म्हणाल तर जूनचा पहिला पाऊस पडला की निम्म्या लोकांचं चालणं बंद होतं आणि दसऱ्यापर्यंत सुरू होत नाही. कोकणात आणि मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याची वेगळी सोय एप्रिलमध्येच ठरवावी: इमारतीचे जिने, घरातल्या घरात सूर्यनमस्कार, खुर्चीवरून हात न टेकता पंधरा-वीस वेळा उठबस. ताकदीचा व्यायाम चाळिशीनंतर तर हवाच, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि परत येताना मुख्यतः चरबी येते. त्यासाठीच डाळी, उसळी, दही, अंडी, मासे यांना ताटात रोज जागा द्यायची. झोपेचंही तेच. पाच तासांच्या झोपेनंतरचा दिवस गोडाच्या शोधात जातो, हा अनुभव कोणाला नसेल?

वजनकाट्याशी मात्र मैत्री करा. वजन वाढतंय असा संशय आला की माणूस काट्यावर उभं राहणं सोडतो, आणि सहा महिन्यांनी उभा राहतो तेव्हा सहा किलो वाढलेले असतात. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही चालू आहे. किमान 13.6 किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या माणसांची ती नोंद आहे. हे लोक स्वतःहून नाव देणारे आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून सगळ्यांचा निष्कर्ष काढता येत नाही. पण वजन उतरवायचे त्यांचे मार्ग निरनिराळे आणि टिकवण्याच्या सवयी बऱ्याचशा सारख्या: साधारण चारांतले तीनजण आठवड्याला एकदा तरी वजन करतात, बहुतेकजण नाश्ता करतात आणि दिवसाला सरासरी तासभर हालचाल ठेवतात. तुम्हीही आठवड्यातला एक वार ठरवा, सकाळी उठल्यावर, एकाच काट्यावर. लग्नाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, ते मिठाबरोबर धरलेलं पाणी असतं. बायकांचं मासिक पाळीच्या आगेमागेही वाढतं. पण लागोपाठ तीन आठवडे दोन किलो जास्त दिसले, तर त्याच आठवड्यात तेलाचा चमचा आणि संध्याकाळचं खाणं तपासायला घ्या.

काट्याबरोबर टेपही ठेवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपण भारतीय काट्यावर बारीक दिसूनही आतून चरबी बाळगू शकतो. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्या. पुरुषांचं 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांचं 80 च्या आत असावं. तिथे पोचायला वेळ लागला तरी थोडं उतरलेलंही वाया जात नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वजन 7 टक्के घटवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम एवढंच ध्येय दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी राहिलं. 80 किलोच्या माणसाला 7 टक्के म्हणजे साडेपाच किलो. ते जपा, पंधराच्या मागे धावून घालवू नका.

सगळं नीट करूनही वजन चढत असेल, तर थायरॉईड तपासा आणि चालू औषधांबद्दल डॉक्टरांना विचारा. स्टेरॉईड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं यांनी वजन वाढतं, पण ती मनाने बंद करायची नाहीत. हल्ली आठवड्याला घ्यायच्या इंजेक्शनांची फार चर्चा आहे. ती काम करतात आणि काहींना त्यांची खरी गरज असते. मात्र त्यांतलं सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आल्याचं अभ्यासात दिसलं आहे, तेव्हा ‘पुढे काय’ हा प्रश्न पहिलं इंजेक्शन घ्यायच्या आधीच डॉक्टरांना विचारा.

आणि घरच्यांशी एकदा स्पष्ट बोला. माझा नवरा पूर्वी मी काही उचललं की म्हणायचा, “हे चालतं का तुला?” त्याच्या मनात काळजीच होती, पण ते ऐकलं की मी त्याच्यासमोर खायचं थांबवायचे आणि तो आत गेला की खायचे. एका रविवारी मी त्याला म्हटलं, “मला टोकू नकोस. त्यापेक्षा मी स्टेशनवरून फोन केला की कुकर लाव आणि काकड्या चिरून ठेव.” गेली पाच वर्षं मी दार उघडते तेव्हा कुकरच्या शिट्ट्या झालेल्या असतात, आणि आम्ही सव्वाआठला जेवायला बसतो.